मांडीवर ओटी, बुडाखाली सायकल

परळीच्या पोरांनी हातानं लिहिलेलं एक मासिक काढलंय. एकच प्रत, ती घरोघर फिरते. माझा भगवान तिथं जिनिंगमध्ये कामाला हाय. तो म्हणाला, "माय, तू तळ्यावर सायकलीनं गेलतीस ते लिही. बायका वाचतील. कुणाला जायाचं असलं तर वाट कळंल." मी म्हटलं, बाबा, माझी शाळा म्हंजे बापाच्या ओसरीवर धूळपाटी. तीसुद्धा लग्न ठरल्यावर मोडली. पण सांगायला बसले की माझं तोंड थांबत नाही, तर हात कावून थांबंल? म्हणून लिहिते. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आधी जायचं कावून ठरलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला चळ लागला.

माझी लेक राधा तळ्यापल्याडच्या वाडीत दिली हाय, धर्मापुरीच्या अल्याड. तिची पहिली दोन लेकरं सहा दिवसांचीसुद्धा झाली नाहीत. तिसऱ्या वेळी तिच्या सासूनं, म्हंजे माझ्या विहीणबाईनं, तळ्यातल्या साती आसरांना नवस बोलला. लेकरू जगलं तर त्याच्या आजोळच्या आजीनं आपल्या उंबऱ्यातून ओटी उचलायची, वाटेत कुठंही भुईला टेकू द्यायची नाही, आणि नेऊन तळ्याच्या पाण्यात सोडायची. तोवर मायलेकरांनी वाडीत पाऊल टाकायचं नाही. मी आजी, सवाष्ण, म्हातारं अजून खोकत का होईना ओसरीवर बसलेलं. तेव्हा हे काम माझंच. दुसरीच्या हातात ओटी द्यायची सोय नाही.

लेकरू जगलं. पोरगी झाली. नजर लागू नये म्हणून नाव ठेवलं धोंडी. चांगली गुटगुटीत, आल्या-गेल्याच्या मिशा ओढणारी. पण ओटी काही पोचेना. अखितीला बैलगाडीनं निघालो, तर ओढ्यात गाडीचं चाक निघालं आणि मी, ओटी, नारळ, सगळं वाळूत. टेकली की संपलं. ती ओटी गाईला घालायची आणि माघारी फिरायचं. दुसऱ्या वेळी पायी निघाले. अर्ध्या वाटेत माझा गुडघा असा मुडपला की मी दुरडीवरच बसले. झाली दोनदा. आता तिसऱ्यांदा टेकली तर लोक काय म्हणणार? आसरांच्या मनात नाही, ही सून त्या घराला लाभत नाही. वाडीत जावईबापूच्या चुलत्यानं बोलायला सुरुवातही केलती, "दुसरी बघू, कुठवर थांबायचं?" राधा माझ्यासमोर रडायची नाही. जात्यावर बसली की जातं उगाच लई वेळ फिरायचं, पीठ संपलं तरी. त्यावरून मला कळायचं.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी तळ्यावर वाडीच्या बायकांसोबत उभी राहते, असा विहीणबाईनं सांगावा धाडला. सूर्य कलायच्या आत या. आणि नेमकं त्याच टायमाला आमच्या गावात बैलांना लाळ-खुरकूत. एकही बैल जू खांद्यावर घेईना. दुसऱ्या गावची गाडी आमच्या शिवेत यायला तयार नाही. पाच कोस वाट, आणि माझा गुडघा तसाच.

गुरुवारी सांजच्याला भगवान परळीहून आला. बरोबर दोघं सोबती, जिनिंगमधलाच कासीम आणि एक सोपान शिंपी. तिघं तीन सायकलींवर. दिवसाचं भाडं सायकलीमागं हाली शिक्क्याचे आठ आणे, ते पोरांनी आपसांत केलं, मला हात लावू दिला नाही.

"माय, बस मागं," भगवान म्हणाला.

"कशावर? त्या शिंक्यावर?"

"त्याला क्यारेज म्हणतेत."

"नाव मोठं ठेवलं म्हणून बूड मावतं व्हय रे?"

आमचं म्हातारं ओसरीवरून म्हणालं, "बस, बस. लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसायचं मीच बसलो, तुझं राह्यलंच व्हतं."

तर बायांनो, ऐका. नऊवारीचा काष्टा चांगला घट्ट मारला की सायकलीवर दोन्हीकडं पाय सोडून बसता येतं. एका अंगानं बसलात तर पडाल. खाली वाकळ चौघडी करून घाला. आणि आदल्या सांजेपासून पाणी कमी प्या. मी का सांगते ते तुम्हाला कळलंच असंल. ओटी मांडीवर असली की मधी कुठं उतरून आडोशाला जाता येत नाही.

शुक्रवारी झुंजुमुंजू होताच दुरडी उचलली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, वर हिरवा खण झाकलेला. उंबऱ्यातून उचलली ती छातीशी धरूनच सायकलीवर चढले. म्हंजे मला दोघांनी उचलून ठेवलं, पोतं ठेवतात तसं. मला कासीमच्या मागं बसवलं, कारण त्याचा तोल सगळ्यांत धड. राधा भगवानच्या मागं, धोंडीला झोळीत छातीला बांधून. सोपानच्या सायकलीला भाकरी, ठेचा, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान.

शेजारची एक म्हणाली, "ओटी आसरांची, आन् सायकल हाकणार कासीम?" मी म्हटलं, "नवस भुईचा हाय गं, हाकणाऱ्याचा न्हाई. बैलाला कधी जात इच्यारली का?" कासीम हसला. "माँ, मेरेकू बैल बोली क्या?" मी म्हटलं, "बाबा, आज तूच माझा सर्जा."

निघाल्यावर पहिला कोसभर मी डोळेच उघडले नाहीत. मग हळूच एक उघडला. काय सांगू! ज्वारीची रानं आपोआप मागं चाललेली. बैलगाडीत बसलं की हाडं खुळखुळतात, धूळ नाकात, बैलाचं शेपूट तोंडावर. इथं नुसता वारा. बांधावर कुर्डू फुललेला, तेरडा लाल, आणि बाजूला एक कोल्हं थांबून बघतंय, म्हंजे त्यानंही म्हातारी सायकलीवर पहिल्यांदाच बघितली. मला हसू फुटलं. हसले तशी दुरडी हलली आणि हसू तिथंच आटलं.

"माँ, मेरेकू नक्को पकडो, टोपली पकडो," कासीम म्हणाला.

"टोपलीच धरलीय. तू आपला दगड बघून हाक."

वाट सांगून ठेवते. आमच्या गावापासून मुरमाची गाडीवाट धरायची, शेतातली पायवाट नाही. पायवाट जवळची दिसते पण काळ्या रानातून जाते, पावसाळ्यात तिच्या नादी लागू नका. मुरमावरून सरकारी नाका लागतो, सामान तपासायचा. नाक्यावर सावली हाय, लिंबाखाली रांजण हाय, पाणी गार.

त्या नाक्यावरच पहिल्यांदा जीव टांगणीला लागला. खाकीतला जवान आडवा आला. दाढी मेंदीनं रंगवलेली.

"टोपले में क्या है? नीचे रख."

कासीम उतरला, सायकल मात्र दोन्ही हातांनी धरून ठेवली, मी वरच. "जवान साब, मन्नत की चीज है. जमीनपे नइं रखते."

"हुकूम है. सामान जमीनपे रखके दिखाना."

"साब, यहींच देख लेव ना."

"मेरेकू सिखाताय क्या? नीचे बोले तो नीचे."

भगवान पुढं झाला, आवाज चढवायला लागला. मी त्याला डोळ्यानंच दाबला. सरकारी माणसासमोर आवाज चढवला की मग सांजच होते. मी म्हटलं, "बाबा, तुझा हुकूम लई मोठा. मला खाली ठेव पाह्यजे तर, झोपव धुळीत. हिला तेवढी ठेवू नको."

त्यानं कासीमला विचारलं, बुढ्ढी काय म्हणते. कासीमनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "काय की मन्नत?" राधा पुढं आली. झोळीचं फडकं बाजूला केलं. धोंडी जागी होती. तिनं त्या लाल दाढीकडं बघितलं आणि हात लांब केला. दाढी म्हंजे तिला मिशीचाच प्रकार. जवान जरा मागं सरला, मग वाकला आणि तिला ओढू दिली.

"मेरी अम्माँ मेरे वास्ते दर्गे कू नंगे पाँव गई थी," तो म्हणाला. एका बोटानं खणाचा कोपरा उचलला, नारळ बघितला, परत झाकला. "जाव. संभालके."

नाका मागं पडला. सोपान मागून ओरडला, "मावशी, सरकार जिंकलं तुमी!" मी म्हटलं, "गप बस, अजून तळं कुठंय?"

तळं दिसायच्या आधी बाभळबन लागतं. सायकलीनं जाणाऱ्यांनी तिथं उतरून चालावं. आम्ही उतरलो नाही. कासीमची सायकल एकाएकी लंगडायला लागली, फुस्स फुस्स करत. बाभळीचा काटा, बोटाएवढा. आता मला उतरणं भाग. दोघांनी परत पोत्यासारखं उतरवलं. आणि मी उभी, दुरडी छातीशी, पायांना मुंग्या. सोपाननं सायकल उलटी केली, रबराची नळी बाहेर काढली, जवळच्या ओढ्याच्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला. ऊन चढत होतं. मला बसता येईना. म्हंजे बसता आलं असतं, पण एकदा बसले की दुरडी घेऊन उठता येत नाही, गुडघा सांगतो ना. राधा माझ्या मागं येऊन पाठीला पाठ लावून उभी राहिली, मला टेकू म्हणून. पुढून लेकरू पीत होतं.

"माय," ती हळूच म्हणाली, "आज टेकली तर मी परत न्हाई येणार तुझ्याकडं."

"मग कुठं जाशील?"

"तळ्याच्या अल्याड झोपडं घालीन. पल्याडचं दिसंल तरी."

तिच्या घरची वृंदावनातली तुळस त्या वर्षी वाळली, असं कुणी तरी सांगितलं, तेव्हापासून ती असंच काहीबाही बोलायची. मी दुरडी घट्ट धरली. बाकी माझ्या हातात काय होतं?

चाक नीट झालं. बाभळबन संपलं. आणि तळं आलं.

बायांनो, मला शब्द थोडे येतात. पण सांगायचा प्रयत्न करते. तिन्ही बाजूंनी उतरतं हिरवं रान आणि मधी एवढं मोठं पाणी, आभाळ त्यात पालथं पडलेलं. काठाला कमळाची पानं, बगळे, निळा धीवर पक्षी टपकन पाण्यात आणि मासा घेऊन वर. पाळीवरून वाट जाते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भाताची खाचरं. धर्मापुरीच्या जुन्या देवळातल्या दगडाच्या बायका तुम्ही बघितल्या असतील, आरसा धरलेल्या, पायातला काटा काढणाऱ्या. मला वाटलं त्या सगळ्या इथंच आंघोळीला येत असतील. एवढं सगळं बघून माझा जीव हरखला, आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं. श्रावणाचं काय सांगावं, एका डोळ्यात ऊन, एका डोळ्यात पाणी.

एकच सर आली, पण पाळ काळ्या मातीची. काळ्या मातीला भिजायला एक सर पुरते. चाकाला माती चिकटायला लागली, ती वरच्या पत्र्यात अडकली, आणि चाक फिरेचना. दहा हात जायचं, उतरायचं, काडीनं माती खरवडायची, परत दहा हात. पाळीच्या त्या टोकाला बायका दिसत होत्या, रंगीबेरंगी लुगडी. सगळ्यांच्या पुढं एक उंच, ताठ, हिरव्या लुगड्यातली. विहीणबाई. तिच्या मागं जावईबापू, आणि बाजूला तो चुलता, काठी टेकून. सूर्य माथ्यावर आलता.

"माय, आता चालत जाऊ," भगवान म्हणाला.

चालून बघितलं. पाय बधिर, खाली लोणी. दोन पावलांत घसरले. कासीम म्हणाला, "माँ, बैठो. मैं ढकलता. चलाता नइं, सिरफ ढकलता." तसं ठरलं. बाकीच्या दोन सायकली पाळीवरच आडव्या टाकल्या, राधा मागून चालत. मी वर बसलेली, कासीम दांडा धरून, भगवान मागून रेटतोय, सोपान पुढं चाकातली माती काढतोय. खरं सांगू? मला बरंही वाटलं. एवढ्या बायका बघतायत, तर बसूनच जावं.

बायकांपर्यंत जेमतेम बैलगाडीभर अंतर उरलं आणि पुढचं चाक घसरलं. कासीमनं सायकल सोडली नाही, सायकलीनं त्याला सोडलं. मी एका अंगाला कलले. तेव्हा काय झालं ते मला आता आठवतं तसं सांगते. मी विचार केला नाही. हात आपोआप वर गेले, दुरडी डोक्याच्या वर, आणि मी धप्पकन बसले त्या काळ्या चिखलात, कमरेपर्यंत. बांगड्या खळ्ळ वाजल्या. नारळ दुरडीत गोल फिरला. पडला नाही.

कुणी हललं नाही. पाण्यावरचे बगळेसुद्धा.

मग चुलत्याचा आवाज आला. "टेकली! मी बघितली! टेकली!"

"म्हातारी टेकली," सोपान ओरडला, "ओटी न्हाई टेकली!"

"कोपरा लागला. ह्या डोळ्यांनी बघितलं."

"तुमचे डोळे तिकडं, ओटी इकडं!"

राधा मागं तशीच उभी. ना पुढं ना मागं. धोंडी रडायला लागली, कदाचित तिच्या मायचं काळीज तिला ऐकू येत असंल. मी हात वर करून बसलेली, खांदे फाटायला आले, पण खाली घेणार कसे?

विहीणबाई चालत आली. सावकाश. चिखलात तिचं एक पाऊलही घसरलं नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचं तोंड एवढं जवळ की मला तिच्या नथीतला मोती दिसला. ती माझ्याकडं बघत नव्हती, दुरडीकडं बघत होती. मीही वर बघितलं. खणाचा एक कोपरा दुरडीबाहेर लोंबत होता. त्याच्या टोकाला काळा, ओला चिखल. तांदळाएवढा. माझ्या पडण्यानं उडाला का भुईचा लागला, ते आसरांना माहीत.

मी तिच्याकडं बघितलं. तोंडातून एवढंच निघालं, "इनबाई..."

"हात खाली घेऊ नका," ती म्हणाली. दुरडी तिनं माझ्या हातातच राहू दिली, नुसता खण नीट केल्यासारखं केलं. तिच्या पाठीकडून बघणाऱ्याला तेवढंच दिसलं असंल. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, तो कोपरा त्यात धरला आणि एकदा पिळून पुसला. मग उठली, वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"कोरडी हाय."

"अगं पर मी बघितलं..." चुलता म्हणाला.

"भाऊजी, नवस कुणी बोलला? मी. मग बघणार कोण? मी. कोरडी हाय म्हटलं ना!" मग राधाकडं वळून, तशाच कडक आवाजात, "आन् तू काय उभी ऱ्हायलीस खांबासारखी? लेकराला ऊन लागतंय. आण इकडं."

लेकरू तिनं घेतलं. आणि त्या ताठ बाईनं तिथंच, सगळ्यांसमोर, धोंडीच्या पोटात तोंड खुपसलं. बराच वेळ वर काढलं नाही. धोंडीनं तिची नथ धरली.

मला चौघांनी उपसून काढलं. तशी चिखलानं भरलेलीच पाण्यात उतरले, ओटी सोडली. दुरडी थोडी तरंगली, गोल फिरली आणि कमळाच्या पानांत गेली. धोंडीचे पाय पाण्याला लावले. वाडीत गेल्यावर पुरणपोळी, गुळवणी, आणि कासीम-सोपानला एवढं आग्रहानं वाढलं की सोपानला परतताना सायकल जड लागली. राधा आत-बाहेर करत होती, या फडताळातून त्या फडताळात उगाच भांडी हलवत होती. जावईबापू तेवढे मागल्या अंगणात जाऊन आले. मी हात धुवायला मागं गेले तर वृंदावनात ताजं रोप लावलेलं दिसलं, माती अजून ओली.

परतीला मी मोकळ्या मांडीनं बसले. नाक्यावर तोच जवान. "हो गया?" "झालं बाबा," मी म्हटलं. मुरमाच्या उतारावर कासीमला म्हटलं, जरा जोरात जाऊ दे. त्यानं जाऊ दिलं. मी ओरडले. भ्यायले म्हणून नाही.

घरी आले तर म्हाताऱ्यानं आधी लुगडं बघितलं. "तळ्यात गेलतीस का म्हशीच्या डबक्यात?" मी सगळं सांगितलं, कोपऱ्याचं सोडून. रात्री पडल्यावर मात्र झोप येईना. पुढं कितीतरी दिवस वाडीकडचं कुणी आलं की मी आधी विचारायची, धोंडी खोकली का, अंग तापलं का. तिला शिंक आली म्हटलं तरी माझं काळीज हलायचं. ती काही खोकली नाही. आता वरीस उलटलं, अंगणात धावते, कोंबड्यांच्या मागं, आणि तिचं नाव बदलायचं चाललंय. तो चुलताच तिला खांद्यावर घेऊन फिरतो, म्हणतो, ही माझी. मग मीही आता कोपऱ्याचं लिहून टाकते. ज्याला काय म्हणायचं ते म्हणू द्या.

जाणाऱ्यांनी श्रावणात गेलं तर पाळीवर सरीच्या आधी पोचावं. सायकल घ्यायची तर पंक्चरचं सामान बरोबर असू द्या, आणि कासीमसारखा हाकणारा.

परवा दिवाळीला विहीणबाई आमच्याकडं आली. तेच हिरवं लुगडं. मी चुलीजवळ होते. ती माझ्या शेजारी बसली, इकडंतिकडं बघितलं, आणि पदराचं टोक माझ्यासमोर धरलं. काळ्या मातीचा डाग, तांदळाएवढा.

"रिठ्यानं घासलं, राखेनं घासलं," ती म्हणाली, "निघंना बघा."

"कावून निघंल?" मी म्हटलं. "चांगली कोरडी हाय ना ती."

आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा हसलो की दूध उतू गेलं.